आबा काय बोलले होते, ते आईला विचारा

ताई, नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी, वय ३८. आमचे आबा ७४ वर्षांचे. कापसाची कोळपणी उरकून दुपारी घरी आले आणि ओसरीवरच कोसळले. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, पण शुद्ध आली नाही. बाराव्या दिवशी घशाला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावला. आज ४३ वा दिवस. आता किडन्या काम करीनात. डॉक्टर म्हणतात, ‘डायलिसिस करायचं का ते तुम्ही सांगा. पण आबा परत बोलतील-चालतील अशी आशा आम्हाला वाटत नाही.’

थोरले दादा पुण्याला नोकरीला आहेत, शनिवार-रविवार येतात. ते म्हणतात, काहीही थांबवायचं नाही. आक्का म्हणते, ‘आबा माझं बोट दाबतात, त्यांना सगळं कळतंय.’ काका म्हणतात, ‘बापाची नळी काढणार का? मग पिंड कोणत्या तोंडाने देशील?’

दोन वर्षांमागे आबांचे साडू परभणीला असेच मशीनवर होते. त्यांना भेटून आल्यावर अंगणात पाय धुताना आबा बोलले होते, ‘मला असं दावणीला बांधून ठिवू नका.’ आई तिथंच उभी होती. आईला या सगळ्यात कुणी काही विचारलेलं नाही. ती दोन वेळा आत जाते, आबांच्या तळपायाला तेल लावते, बाहेर येऊन बसते.

एक एकर विकून झालं. रात्री मनात येतं, आबा सुटावेत. मग माझीच मला लाज वाटते. हे पाप आहे का? कायद्यात बसतं का? मी काय करू?

(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

भाऊ,

आधी त्या रात्रीच्या विचाराचं बोलू. मी २९ वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका होते. व्हरांड्यात चटई टाकून महिना-महिना काढणाऱ्या माणसांशी मी पहाटे तीन वाजता बोललेली आहे. ‘सुटावेत’ हा विचार जवळ बसणाऱ्यालाच येतो. नळीतून कफ ओढताना रुग्णाचं अंग कसं ताठ होतं, चेहरा कसा लालबुंद होतो, डोळ्यांच्या कडेने पाणी कसं ओघळतं, हे त्याने रोज पाहिलेलं असतं. बापाचे हाल बघवत नाहीत, एवढंच त्या विचारात आहे. त्याची लाज बाळगू नका. पाप तर अजिबातच नाही.

आता डॉक्टरांच्या ‘तुम्ही सांगा’बद्दल. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं आणि दर वेळी मला ते खटकलं. डायलिसिसने आबांचं नेमकं काय साधणार, हे कापूस पिकवणाऱ्या माणसाने कसं सांगायचं? यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. उपचाराचा उपयोग होईल का, हा डॉक्टरांचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं. असं जगणं आबांनी पत्करलं असतं का, हा घरच्यांचा प्रश्न. डॉक्टरांनी पहिल्याचं उत्तर नीट न देता दोन्हींचं ओझं तुमच्या डोक्यावर ठेवलंय. ते उतरवा. उद्याच वेळ मागा, उभ्या-उभ्या राउंडमध्ये नको, बसून. मेंदूचे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर आणि आयसीयूचे डॉक्टर एकत्र असू द्या. आणि सरळ विचारा: सगळं चांगलं झालं तर सहा महिन्यांनी आबा कसे असतील? माणसं ओळखतील का? व्हेंटिलेटर सुटेल का? डायलिसिसमुळे यातलं काय बदलेल? ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर म्हणा, ‘साहेब, तुमचा अनुभव काय सांगतो?’ अनुभव विचारला की बहुतेक डॉक्टर मोकळे होतात.

एक गोष्ट दादांच्या बाजूने. मेंदूला इजा अपघाताने झाली असेल तर डॉक्टर वर्षभरही वाट पाहतात. रक्तस्राव किंवा प्राणवायू न मिळाल्याने झाली असेल, तर साधारण ३ महिने उलटल्यावर शुद्ध येण्याची आशा फार कमी उरते, असं ते वर्षानुवर्षं मानत आले. आबांना ४३ दिवस झालेत. म्हणजे ‘घाई नको’ म्हणणारा माणूस अगदीच चूक नाही. पण वय ७४, श्वास मशीनवर, त्यात किडन्या गेलेल्या. प्रश्न तीन महिने थांबायला तयार नाही. पत्रावरून मी आबांचं निदान करू शकत नाही. तेवढ्यासाठीच ती बैठक हवी. नांदेडच्याच दुसऱ्या एखाद्या न्यूरोलॉजिस्टला फाइल आणि स्कॅन दाखवून घ्या. त्यात आधीच्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आक्कांचं फार जपून घ्या. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ मिटतं, हे आक्कांनी आपल्या लेकरांच्या वेळी पाहिलं असेल. मेंदूचा वरचा भाग निकामी झाला की मोठ्या माणसातही ती मूठ परत येते. डोळे उघडतात, जांभया येतात, झोप-जागेचं चक्र चालतं, कधी आसवंही येतात. आतून कुणी हाक देतंय असंच वाटतं. मात्र ‘तुला भास होतोय’ असं तिला कुणी म्हणू नका. थोड्या रुग्णांमध्ये खरोखर आत काही जागं असतं, आणि ते रोज उशाशी बसणाऱ्यालाच आधी दिसतं. मेंदूच्या डॉक्टरांना सांगा, आक्का समोर असताना तपासा. ‘आबा, बोट सोडा’ असं म्हणून सुटतं का? ‘दोनदा दाबा’ म्हटलं तर दोनदाच दाबतात का? एकदा नाही, चार-पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी. सांगितल्यावर सोडलं तर गोष्टच बदलली. मग हे पत्र बाजूला ठेवा आणि उपचार चालू ठेवा. नाही सोडलं, तर ते आक्कांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल. त्यापुढे तिला कुणी समजावायची गरज पडणार नाही.

आणि ‘ब्रेन डेड’ हा शब्द वॉर्डात सैलपणे फिरतो, त्याने गोंधळू नका. ब्रेन डेड म्हणजे मृत्यूच. तो चार डॉक्टरांनी, ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर करायचा असतो. आबांचं तसं काही लिहून दिलेलं नसेल, तर आबा जिवंत आहेत आणि प्रश्न उपचाराचाच आहे.

आता काका. काकांच्या मनात बहुधा अरुणा शानबाग असाव्यात. आपल्याकडे नळीचा विषय निघाला की त्यांचंच नाव निघतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर अत्याचार झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ ला ती गेली. एवढी वर्षं तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. मी त्याच पेशातली आहे. ते वाचताना आजही माझा ऊर भरून येतो. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या सुटकेसाठी अर्ज केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला तो फेटाळला. पण त्याच निकालात, ठरलेल्या पद्धतीने उपचार थांबवता येतील, हेही मान्य केलं. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, यावर न्यायालयाने रुग्णालयातल्या माणसांकडे बोट दाखवलं, कारण रोजची सेवा त्यांची होती. आणि त्यांना तिला जगवायचं होतं. काकांना हे पूर्ण सांगा. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हती, तिचा श्वास तिचा होता. आणि या बाबतीत आपली इच्छा काय, हे ती आधी बोलून गेली नव्हती. तुमचे आबा बोललेत.

कायद्यात बसतं का? बसतं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानाने मरण हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की फारसं कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून रुग्णालयातलं पहिलं मंडळ होतं. ते शक्यतो ४८ तासांत मत देतं. मग दुसरं मंडळ बसतं: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. तेही शक्यतो ४८ तासांत. दोन्ही मंडळांचं एकमत आणि घरच्यांची लेखी संमती झाली की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवतं, परवानगीसाठी ताटकळत बसायचं नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं, आपल्याला औरंगाबाद खंडपीठात. आबांनी वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, ते लिहिलेलं नाही. तरी हीच वाट घरच्यांच्या संमतीने खुली आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र गुन्हा होता आणि आहे. कुणी हळू आवाजात तसं सुचवलं तर तिथून उठून या.

रुग्णालय कदाचित म्हणेल, ‘आमच्याकडे असं काही नसतं, सही करा आणि घरी न्या.’ भाऊ, इथे मला थोडं थांबून लिहायचंय.

पंधरा-सोळा वर्षांमागे एका रुग्णाला अशीच सही घेऊन सोडलं. रुग्णालय कोणतं, ते राहू द्या. अंबडच्या पुढचं गाव. रुग्णवाहिकेत मी अम्बू बॅग, म्हणजे श्वास देणारा तो हाताने दाबायचा फुगा, दाबत बसले होते. रस्ता खड्ड्यांचा. खड्डा आला की माझा हात चुकायचा. शेजारी बाईंच्या मांडीवर त्यांच्या नवऱ्याचं डोकं. घराच्या उंबऱ्याशी स्ट्रेचर टेकवलं, आणि थोरला मुलगा म्हणाला, ‘सिस्टर, आता थांबा.’ मी थांबले. गुंगीचं औषध नाही, कफ ओढायचं मशीन नाही, मॉर्फिनचा थेंब नाही. तो माणूस जवळजवळ चाळीस मिनिटं धापा टाकत होता. अंगण माणसांनी भरलेलं, आणि कुणालाच कळेना काय करायचं. मीही नुसती नाडी धरून बसले होते. ज्या हाताने इतका वेळ श्वास दिला, त्याच हाताने तो थांबवला. आणि बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

त्यांचा निर्णय चूक होता असं मी आजही म्हणत नाही. चूक होती ती रीत. सगळी लपतछपत, कागदावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ आणि तोंडी सल्ला ‘न्या घरी’. आबांचं असं होऊ देऊ नका. दोन ओळींचा लेखी अर्ज द्या: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ आणि २०२३ च्या निर्देशांप्रमाणे वैद्यकीय मंडळ बसवावं. पोच घ्या. तिथे नाहीच जमलं तर विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे हलवता येईल का ते विचारा. काहीही ठरलं तरी एक अट घाला, आबांना त्रास होता कामा नये. नीट केलं तर आधी वेदनेचं आणि धाप कमी करणारं औषध देतात, घसा साफ करतात, घरच्यांना जवळ बसवतात, मॉनिटरची पिपाणी बंद करतात, आणि मग मशीनचा आधार कमी करतात. त्यानंतर काही मिनिटं लागतील, काही तास, कधी दिवसही. याची तयारी आईची आणि आक्कांची आधीच करा. गावी नेऊनच शेवट व्हावा असं आईला वाटत असेल, तर सोबत औषधं आणि ती देणारं माणूस हवं. तेही मागून घ्या.

डायलिसिसबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. डॉक्टरांनी बसून सांगितलं की याने शुद्ध येणार नाही, फक्त दिवस वाढतील, तर सुरू करू नका. सुरू न करणं आणि सुरू केलेलं थांबवणं यात कायद्याने फरक नाही, मला स्वतःला नीतीनेही वाटत नाही. पण मनाला वाटतो, खूप वाटतो. लावलेलं काढताना हात आपला दिसतो. दादा अडून बसले तर मुदत घाला: अमुक इतके दिवस डायलिसिस करू, तोवर मेंदूच्या तपासणीत काही बदल दिसला नाही तर थांबू. तारीख कागदावर लिहा, डॉक्टरांना दाखवा. बिनमुदतीचं ‘बघू’ हेच घर पोखरतं.

पैशाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत, जणू ती काढणंच वाईट. एक एकर जमीन तुमच्या लेकरांच्या तोंडचा घास आहे. आबांनीच ती राखली. तिचा विचार करणारा मुलगा लोभी ठरत नाही. फक्त दोन्ही हिशोब वेगळे ठेवा. उपचाराने माणूस परत येणार असेल आणि पैसाच आडवा येत असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सरकारी रुग्णालय आहे; तिथे पैशापायी माघार घेऊ नका. आणि माणूस परत येणारच नसेल, तर दुसरं एकर विकून बापाचं ऋण फिटत नाही. दवाखान्याचं बिल तेवढं फिटतं.

दादांवर रागावू नका. लांब राहणाऱ्याला सोडणं सगळ्यात अवघड जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. तुम्ही आबांबरोबर घालवलेल्या अडतीस वर्षांपुढे त्यांच्याकडे सणवार आणि फोन. त्यांना अजून बापाजवळ बसायचंय. त्यांना सांगा, या वेळी रजा टाकून चार दिवस या, आणि रात्रीची पाळी त्यांनाच द्या. टोमणा म्हणून नाही, खरोखर. चार रात्री उशाशी बसल्यावर ते काय म्हणतात ते ऐका. कदाचित तरीही ‘थांबवू नका’ म्हणतील. मग निदान सगळे एकच गोष्ट पाहून बोलत असतील.

काकांच्या पिंडाच्या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रार्थ नाही. पण विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं, सरकारने आणि डॉक्टरांनी विनवलं तरी घेतलं नाही, आणि १५ तारखेला देह ठेवला. त्यांनी पाप केलं असं आपल्याकडे कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. विनोबा स्वतः ‘नको’ म्हणू शकत होते, आबा आज म्हणू शकत नाहीत, एवढाच फरक. म्हणून त्यांनी आधी म्हटलेलं जपून ठेवायचं. काकांनाही डॉक्टरांच्या बैठकीला न्या. बाहेर बसलेला माणूस जास्त कडक बोलतो.

आणि आता आई. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त त्याच दिसल्या. पन्नासेक वर्षांचा संसार, आबांचं ते अंगणातलं बोलणं कानांनी ऐकलेलं, रोज दोन वेळा तेलाची वाटी घेऊन आत जातात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. तुमच्या घरात इच्छापत्र नाही, पण साक्षीदार आहे.

सगळ्यांच्या देखत विचारू नका. दादा-काकांपुढे त्या ‘तुम्ही कराल ते’ म्हणतील. चहाला म्हणून बाहेर घेऊन जा. ‘आई, काय करायचं?’ असंही विचारू नका, ते ओझं त्यांनी का उचलावं? विचारा, ‘आई, मावसांना बघून आलो त्या दिवशी आबा काय बोलले होते?’ आणि मग गप्प बसा. त्यांना रडायला, विषय बदलायला, परत त्यावर यायला वेळ द्या. तुम्हाला आठवतंय तेच त्यांना आठवलं, तर दादांना आणि आक्कांना ते आईच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या नाही. वेगळं काही आठवलं, ‘त्या दिवशी चिडून बोलले, नंतर म्हणाले होते की मला नातीचं लग्न बघायचंय’, तर तेही तितकंच खरं धरा. अशा वेळी मीही तुम्हाला थांबा म्हणेन.

आणखी एक. तुमच्याकडे सगळे गोदावरीला गंगाच म्हणतात. आईंच्या मनात गंगेचं पाणी तोंडात घालायचं असणार, आणि आयसीयूत चालेल का म्हणून त्या बोलत नसतील. ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा. घशाला छिद्र असताना तोंडात पाणी ओतायचं नसतं, पण पाणी उकळून, गार करून, कापसाच्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करता येते. आम्ही रोजच तोंड असं पुसायचो. सिस्टर नाही म्हणणार नाही. आईंच्या हातात तो बोळा आजच द्या, काही ठरायची वाट बघू नका.

तुमची,
ताई